मागच्या दाराने आलेलं सोनं

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात बार्शीच्या सराफ गल्लीतलं आमचं जुनं दुकान पाडायला घेतलं. दुकान म्हणजे काय, दोन फळ्यांचं दार, पुढे हातभर ओटा, आत गादी-तक्का आणि पाठीमागे घर. पन्नासएक वर्षांत तिथे सोनं विकलं गेलेलं नाही. भाड्याने आधी कटलरीवाला होता, मग मोबाईल दुरुस्तीवाला. पाडकामाआधी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, त्यात वह्या निघाल्या. काही मोडीत, काही बाळबोध. आणि एका पत्र्याच्या डब्यात गुलाबी कागदाची एक पुडी. तिच्याबद्दल शेवटी लिहितो, कारण ही पोस्ट लिहायचं खरं कारण तीच आहे.

सोनाराच्या घरात जन्मलो म्हटलं की लोक दोन गोष्टी गृहीत धरतात. एक, घरात सोनंच सोनं असणार. दोन, आजोबांनी लोकांचं सोनं मारलं असणार. 'सोनार शिंपी कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय, बहुतेक वेळा सोनारनानांकडूनच कान टोचून घेतलेल्या पोरांकडून. पहिलं साफ खोटं. आमच्या आजीच्या अंगावर स्वतःचं सोनं मी मंगळसूत्र आणि एक जोडी कुड्या यापलीकडे पाहिलं नाही. दुसऱ्याबद्दल मात्र मी हात वर करणार नाही. वह्या वाचल्यावर तर नाहीच.

आधी बार्शी समजून घ्या. आज कुर्डुवाडीहून लातूरला जाताना मधलं एक स्टेशन, एवढीच ओळख उरलीय. स्वातंत्र्याआधी हा गाव मुंबई इलाख्याच्या काठावर होता. काही कोस गेलं की मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. भूम, परांडा, कळंब, उस्मानाबाद, सगळं तिकडे. त्यांचा माल मात्र बार्शीच्या बाजारात यायचा. १८९७ ला बार्शी लाईटची छोटी गाडी सुरू झाली, १९११ पर्यंत ती लातूरला पोचली. एकच गाडी दोन राज्यांतून जायची. सरहद्दीवर निजामाचा करोडगिरी नाका आणि निजामाचं नाणंही वेगळं, हाली सिक्का. आपल्याकडचा तो कलदार. साधारण सात हालींना सहा कलदार असा भाव, तोही खालीवर होत राहायचा.

म्हणजे मोगलाईतला शेतकरी तूर किंवा कापूस विकायला बार्शीत आला, की त्याला दोन माणसांशी काम पडायचं. आडत्याशी आणि सराफाशी. 'सराफ' शब्दाचा मूळ अर्थच नाणी पारखणारा, बदलून देणारा. माझ्या पणजोबांच्या मोडी वहीत दागिन्यांपेक्षा 'हाली' आणि 'कलदार' हेच शब्द जास्त आहेत. बट्टा किती कापला ते प्रत्येक ओळीपुढे लिहिलंय. सोनं घडवणं हा धंद्याचा दर्शनी भाग. पोट चालायचं ते बट्ट्यावर आणि व्याजावर.

दुकानाचा दिवस कसा असायचा ते आण्णांच्या, म्हणजे आजोबांच्या तोंडून ऐकलंय आणि शेवटचं थोडं स्वतः पाहिलंय. पहाटे ओटा झाडायचा, पण केर फेकायचा नाही. केर एका डब्यात. त्यात कानशीने घासलेली धूळ असते. वर्षा-सहा महिन्यांनी झारेकरी यायचे, डब्याचा सौदा करायचे आणि तो केर धुऊन त्यातनं सोन्याचे कण काढायचे. गटारातली मातीसुद्धा ते घेऊन जात. लहानपणी मला वाटायचं, आपल्या दारातली धूळ विकली जाते म्हणजे आपण फार मोठे लोक आहोत.

झाडून झालं की नरहरी सोनारांच्या तसबिरीला फूल, हत्यारांना हळदकुंकू. मग बागेसरी पेटायची. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी. कोळसा, फुंकणी, मूस, सांडशी, ऐरण, टाकणखार, तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी आणि बोरमाळेच्या मण्यांचे ठसे. एवढ्या भांडवलावर कारागीर बसायचा. आमच्याकडे दोन कारागीर होते. त्यातल्या थोरल्याला सगळं घर मामा म्हणायचं. नात्याने कोणी नव्हते. मामा तोंडाने फुंकणी फुंकत डाक लावायचे तेव्हा दोन्ही गाल फुगायचे, पण ज्योत इतकी बारीक की केसाएवढा सांधा तापायचा आणि शेजारचा मणी तसाच राहायचा. सराफ वेगळा आणि सोनार वेगळा, हे बऱ्याच लोकांना कळत नाही. दोघांची जात एक असेल, गल्ली एक असेल, पण एक गादीवर बसतो आणि दुसरा बागेसरीपुढे. पुढे १९६३ ला हा फरक केवढा आहे ते सगळ्यांना दिसलं.

वजनाचं म्हणाल तर आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. गुंज म्हणजे ती लाल-काळी बी, रानात वेलीवर मिळते. पण खेड्यातला माणूस काही भोळा नव्हता. कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा असायचा. तो धोतराच्या सोग्यातनं रुपया काढायचा आणि म्हणायचा, "सावकार, हा जरा तिकडच्या पारड्यात टाका." आण्णा टाकायचे. काटा सरळ राहिला की तो माणूस काहीच बोलायचा नाही, रुपया परत सोग्याला बांधायचा. हा अपमान नव्हता. ती रीत होती. आण्णा म्हणायचे, ज्याने रुपया टाकून बघितला तो गिऱ्हाईक टिकतो. ज्याने "तुमच्यावर इश्वास हाय" म्हटलं, तो उद्या दुसरीकडे जाऊन कस लावून बघणार.

कस लावायचा काळ्या दगडावर. दागिना घासला की रेघ उमटते, तिच्या शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढायची, वर तेजाबाचा थेंब. हिणकस रेघ विरते, चोख तशीच राहते. 'हिणकस' हा शब्द आपण माणसांना लावतो, पण तो या दगडावरचा आहे. हीण म्हणजे मिसळ.

आता चोरी. चोरी कुठे होते ते सांगतो, घरचंच आहे. एक, घट. दागिना वितळवला की थोडं जळतं, थोडं उडतं, ते खरंच होतं. पण किती घट धरायची ते सराफ ठरवायचा. दोन, डाक. सांध्याला लावायचं सोनं हलकंच असावं लागतं, नाहीतर सांध्याआधी दागिनाच वितळेल. पण डाक जास्त लावली की वजन तेच, कस खाली. तीन, लाख. पोकळ मण्यांत, पाटल्यांत लाख भरायचे, चेपू नये म्हणून. विकताना लाखेसकट वजन आणि मोडीत घेताना लाख काढून वजन, असं करणारे होते. आण्णा असं करायचे का? वहीत घटीचे आकडे दिसतात. गल्लीतल्या एखाद्या पुढाऱ्याच्या घरच्या दागिन्याला धरलेली घट आणि वाडीवरून आलेल्या बाईच्या दागिन्याला धरलेली घट सारखी नाही. एवढंच लिहितो.

पहिला मोठा हेलकावा १९३१ चा. इंग्लंडने सप्टेंबरात सुवर्णपरिमाण सोडलं. कायद्याने ठरलेला सोन्याचा दर तोळ्याला एकवीस रुपये तीन आणे दहा पै होता, तो बाजारात भराभर वर गेला. त्याच वेळी जागतिक मंदीने कापसाचे आणि धान्याचे भाव तळाला गेले होते. सारा मात्र तोच. मग देशभर खेड्यापाड्यातनं सोनं बाहेर पडलं आणि मुंबई बंदरातनं विलायतेला गेलं. पाच-सात वर्षं ही धार चालू होती, कोट्यवधी रुपयांचं सोनं. सरकारी बाजूचे लोक म्हणत होते, भाव चढलेत म्हणून लोक नफ्यासाठी विकताहेत. आमच्या वहीत त्या वर्षी आलेला माल बघितला की नफा वगैरे दिसत नाही. वजरटीक, बुगडी, लहान मुलाच्या बिंदल्या. नफ्यासाठी कोणी पोराच्या हातातल्या बिंदल्या मोडत नाही. वहीतली घेणाऱ्याच्या बाजूची पानं भरलेली आणि घडणावळीची पानं कोरी. मामांचे वडील तेव्हा कारागीर होते, ते वर्ष त्यांनी मोड वितळवण्यात काढलं. दागिने घडवणाऱ्या माणसाला वर्षभर दागिने मोडायला लावलं.

तेव्हाच मला या धंद्याबद्दलचा माझा समज बदलावा लागला. सराफाचं दुकान गावाच्या सुबत्तेचं, असं आपण धरून चालतो. लगीनसराई, पाडवा, दसरा, फोटोत छान दिसतं. वह्या सांगतात की ते अडचणीचं दुकान होतं. लग्नाला सोनं एकदा घेतलं जायचं आणि पुढची तीस वर्षं ते तुकड्यातुकड्याने परत यायचं. बियाणं, बाळंतपण, कोर्टाची तारीख, सासऱ्याचं बारावं.

१९४८ चं थोडक्यात सांगतो, त्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. रझाकारांच्या दिवसांत सरहद्दीपलीकडची कुटुंबं रातोरात बार्शीला आली. गाठोड्यात भांडी कमी, डाग जास्त. त्यांना विकायचं नव्हतं, ठेवायचं होतं. आण्णांच्या तिजोरीत त्या वर्षी अनामत म्हणून पुड्या होत्या, व्याज नाही, भाडं नाही. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली, पाच दिवसांत निजाम शरण आला. लोक हळूहळू परतले आणि पुड्या नेल्या. आण्णांच्या आयुष्यातला हा अभिमानाचा भाग, दर वर्षी सतरा सप्टेंबरला ऐकावा लागायचा. मी तो कमी लेखत नाही. पण वहीत त्याच वर्षीची दुसरीही पानं आहेत, ज्यांना ठेवणं परवडलं नाही त्यांनी पडेल भावात विकलेल्या मालाची. तो भाग सतरा सप्टेंबरला निघायचा नाही.

आता १९६२-६३. यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, आणि ज्या घरांनी भोगलं ती घरं बोलत नाहीत.

ऑक्टोबर ६२ ला चीनचं युद्ध. राष्ट्रीय संरक्षण निधीला बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. बार्शीतही सभा झाली. आण्णा काटा घेऊन मंडपात बसले होते, वजन करून पावतीला आकडा सांगायला, फुकट. मामा शेजारी. बांगड्या, अंगठ्या, एका म्हातारीने पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी तोडून दिली. मामांनी स्वतःची अंगठी टाकली. ती त्यांनीच घडवलेली होती.

दोन-अडीच महिन्यांत, ९ जानेवारी १९६३ ला, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. भारत संरक्षण नियमांखाली. अर्थमंत्री मोरारजीभाई देसाई. चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचा नवा दागिना घडवायला बंदी. आपल्याकडचा दागिना बावीस कॅरेटचा, म्हणजे शंभरात जवळपास ब्याण्णव भाग सोनं. चौदाचा म्हणजे अठ्ठावन्न. सरकारचा हिशेब समजण्यासारखा होता. सोन्याची तस्करी होते, परकीय चलन जातं, देश अडचणीत आहे, लोकांची सोन्याची हौस कमी झाली तर भाव पडतील, तस्करी थांबेल. कागदावर ठीक. पण सोनं हौस असेल तर हा हिशेब. सोनं जर खेड्यातल्या बाईची एकमेव बँक असेल, तर तिला चौदा कॅरेटची बँक नको होती. मोडताना काय मिळणार हा तिचा पहिला प्रश्न. शिवाय तांबं जास्त पडलं की रंग लालसर होतो, धातू कडक होतो, बारीक काम उठत नाही. गिऱ्हाईक हातात घेऊन म्हणायचं, "हे पितळ कशाला?" आणि ठेवून द्यायचं.

दुकान एका दिवसात शांत झालं. पण पहा, कोणाचं? आण्णांचं बंद पडलं नाही. जुना तयार माल, चांदी, मागच्या दारचं गहाण, शिवाय थोडी शेती. दोन वर्षं ओढाताण झाली, पण चूल पेटत होती. मामांची बागेसरी विझली ती विझलीच. कारागिराला रोजचं काम म्हणजे रोजचं धान्य. देशभर हीच गत. सुवर्णकारांचे मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, आणि आत्महत्यांच्या बातम्या यायला लागल्या. संसदेत त्यावर चर्चा झाली. सरकारने कर्जं देऊ केली, मुलांच्या फी माफ केल्या, नोकरीसाठी वयाची अट सैल केली. 'विस्थापित सुवर्णकार' असा शब्दच कागदोपत्री तयार झाला. घर जागेवर, गल्ली जागेवर, आणि माणूस विस्थापित.

मामांनी काय केलं? ते स्टोव्ह दुरुस्त करायला लागले. डाक लावायची कला तीच होती. रॉकेलच्या स्टोव्हची गळकी टाकी, पितळी समईचा तुटलेला दांडा, चष्म्याची काडी. एसटी स्टँडाजवळ पोतं अंथरून बसायचे. माझ्या लहानपणी मी त्यांना तिथेच पाहिलंय. सोनाराच्या सवयीने ते स्टोव्हचा बर्नरसुद्धा रिठ्याच्या पाण्यात धुऊन, फडक्याने पुसून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे. लोक हसायचे.

आण्णांनी त्यांना परत बोलावलं नाही का? हा प्रश्न मी वडिलांना विचारला होता. १९६३ च्या अखेरीस नियम थोडे सैल झाले, गिऱ्हाईकाचं जुनं सोनं त्याच कसात पुन्हा घडवून द्यायला छोट्या कारागिरांना मुभा मिळाली. सप्टेंबर १९६६ ला चौदा कॅरेटची अट गेली. वडील म्हणाले, आण्णा स्टँडावर गेले होते बोलवायला. मामा म्हणाले, "सावकार, आता बोटं जाड झाली." यात खरं किती आणि राग किती, मला सांगता यायचं नाही. तीन वर्षांत त्यांच्या घरी धान्य कोणी पोचवलं का, हे विचारल्यावर वडिलांनी विषय बदलला.

पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा. परवाने, जी. एस. नंबरची रजिस्टरं, तपासणीला येणारे इन्स्पेक्टर. लगड बाळगायला बंदी. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ ला त्यातली काही कलमं उडवली, कायदा दुरुस्त होऊन चालू राहिला. तस्करी थांबायची सोडून वाढली. दहा तोळ्यांचं विदेशी छापाचं बिस्कीट हा शब्द आमच्या पिढीने हिंदी सिनेमातनं नाही, सोनार गल्लीतनं ऐकला. गल्लीत विट्याकडचा एक गलाईवाला होता. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली, पंजाबपासून केरळपर्यंत, ही खरं तर वेगळ्या पोस्टची गोष्ट. तो म्हणायचा, मुशीत गेलं की सगळं सोनं देशी.

कायदा गेला १९९० ला. रद्द करणारे अर्थमंत्री आपलेच, राजापूरचे खासदार मधू दंडवते. आण्णा त्याआधी सहा वर्षं वारले होते. मामा होते. मी त्यांना बातमी सांगितली. त्यांनी हातातला स्टोव्ह खाली ठेवला, विचारलं, "म्हणजे आता चोखाचं करता येईल?" म्हटलं, ते तर केव्हापासनंच येतंय मामा. "मग रद्द काय केलं?" म्हणाले आणि पंप मारायला लागले.

आता मागचं दार.

आमच्या घराचं मागचं दार बोळात उघडायचं. सावकारीचं लायसन आजीच्या नावावर होतं, १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याखालचं. पुढच्या दाराने पुरुष यायचे, मागच्या दाराने बायका. पुरुष विकायला किंवा घ्यायला, बायका ठेवायला. डोक्यावर पदर, हातात काही नाही, डाग कमरेच्या पिशवीत. सगळे आजीला माई म्हणायचे. व्यवहार उभ्याने व्हायचा नाही. आधी पाणी, मग गूळ, मग "काय गं, पोरगी कशी आहे?" आणि मग पुडी. आजीला मोडी यायचं नाही, बाळबोधही मोडकंतोडकं. तिच्या वहीत वजन ग्रॅममध्ये नाही, माशा-गुंजांत आहे. मेट्रिक येऊन दहा वर्षं झाली तरी. व्याजाचा तिचा एकच नियम, दामदुप्पट. मुद्दलापेक्षा व्याज कधी जास्त होऊ द्यायचं नाही. हा नियम हिंदू धर्मशास्त्राचा, इंग्रजांच्या कोर्टांनीही इथे मानलेला. आजीला कोर्ट माहीत नव्हतं, तिला १८७५ माहीत होतं. म्हणजे साल नव्हे, गोष्ट. सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या, ही गोष्ट तिच्या माहेरी तीन पिढ्या सांगितली जात होती. त्या दंग्यानंतर इंग्रजांनी १८७९ ला शेतकऱ्यांसाठी कायदा केला, त्यात सोलापूर जिल्हाही होता. आजीचं सार एकच होतं, व्याज पोटात मावेल एवढंच खावं. पण खायचीच. फुकट काही नव्हतं.

१९७२ ला मी आठ वर्षांचा. सोलापूर जिल्हा, उस्मानाबाद जिल्हा, सगळं करपलेलं. दुष्काळी कामावर खडी फोडायला अख्खी गावं. सुकडी, लाल मिलो. त्या वर्षी मागच्या बोळात रांग असायची, एवढं मला स्वच्छ आठवतं. रांगेत कोणी कोणाशी बोलायचं नाही. सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करून. मी एकदा शाळेतनं येताना रांगेत माझ्या वर्गातल्या मुलाची आई बघितली, तिने मला बघितलं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्याशी भांडला, कारण नसताना. मला कळायला वीस वर्षं लागली.

त्या सालची वही पानंच्या पानं एकाच शेऱ्याने भरलीय. 'मोडली.' ७२ ला ठेवलं, ७३ ला सुटलं नाही, ७४-७५ ला मोडली. बोरमाळ, मोडली. गाठलं, मोडली. व्याकरणसुद्धा नाही, डाग कुठला का असेना, 'मोडली'च. कायद्याने चूक नाही. मुदत संपली होती, नोटिसा गेल्या होत्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना नोटिसा. आमचं घर मात्र १९७६ ला वरच्या मजल्याचं झालं. मी ज्या खोलीत दहावीचा अभ्यास केला ती खोली कशातनं आली, ते आता माझ्यासमोर पानापानावर लिहिलेलं आहे.

फक्त एका ओळीपुढे 'मोडली' नाही. आजीच्या अक्षरात 'थांबणे' लिहिलंय. खाली कुणाच्या तरी, बहुधा आण्णांच्या, अक्षरात प्रश्नचिन्ह. पुढच्या वर्षीच्या वहीत ती ओळ पुन्हा उतरवलीय, पुन्हा 'थांबणे'. असं सलग नऊ वर्षं. आजीने पुढे लायसन सोडलं, वह्या बंद झाल्या, पण ती पुडी मोडली नाही, दिली नाही, कोणाला सांगितलीही नाही. माळ्यावरच्या डब्यात ठेवली. ती १९९४ ला गेली.

पुडीत डोरलं आहे. काळ्या मण्यांत ओवलेलं, साडेतीन मासे. म्हणजे साधारण ३.४ ग्रॅम. मुद्दल साठ रुपये. दामदुप्पट धरली तरी एकशेवीस. आजच्या भावाने त्याच्या कितीतरी पट.

इतक्यांची मोडली आणि हिचं का नाही, वहीत काही नाही. बहीण म्हणते, ती बाई आजीच्या माहेरची असेल. पण गाव भूमकडचं आहे, आजीचं माहेर भीमथडीकडे. भाऊ म्हणतो, विसरली असेल. नऊ वर्षं दर वर्षी कोणी नवीन वहीत उतरवून विसरत नाही. आता घरात यावर चर्चा चालू आहे. भाऊ म्हणतो देवळात देऊ. पुतण्या म्हणतो मोडून सगळ्यांत वाटू, नाहीतर सरळ गोल्ड लोन काढू, मुदतीचा प्रश्न तिथे मोबाईलवरच मिटतो. थट्टेने म्हणाला. पण परवा मी मेन रोडवर त्या कंपन्यांच्या एका ऑफिसात काही कामाने गेलो होतो. एसी, टोकन, खुर्च्या, आणि खुर्च्यांवर बसलेल्या बायका काचेकडे तोंड करून. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. कस मशीन लावतं, काटा मशीनचा, हॉलमार्क आणि सहा अक्षरी नंबर आला. डागाची घट आता कोणाला मनाने धरता येत नाही, हे फार चांगलं झालं, खरंच. पाणी आणि गूळ मात्र तिथे कोणी विचारत नाही. अर्थात गूळ खाऊनसुद्धा इतक्यांची मोडलीच.

माझं मत असं की ते जिचं आहे तिच्या घरी जावं. वहीत गाव आहे, बाईचं नाव आहे, नवऱ्याचं नाव आहे. इथे लिहीत नाही, कारण पन्नास वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईचं नाव फेसबुकवर टाकायचा मला हक्क नाही. गेल्या रविवारी मी त्या गावाला जाऊन आलो. त्या आडनावाची तीन घरं आहेत. दोन घरांत कुलूप, माणसं पुण्याला. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाबांना त्या नावाची बाई आठवली, पण ७३ लाच कारखान्याकडे ऊस तोडायला गेले ते लोक परत आले नाहीत म्हणाले. कुठला कारखाना, ते आठवत नाही.

तर भूम, परांडा, वाशी, कळंबकडचे जे कोणी वाचत असतील त्यांना विनंती. तुमच्या आजीने किंवा पणजीने ७२ च्या दुष्काळात बार्शीच्या माईकडे डोरलं ठेवल्याचं घरात कधी ऐकलं असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. डोरल्याला दोन वाट्या आहेत, त्यातल्या एकीला मागून वेगळी खूण आहे. ती कोणती, हे तुम्ही सांगायचं. व्याज, मुद्दल काही नको. गुलाबी कागद बदललेला नाही.